वकीलसाहेबांची गालफुगी

अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या पाटीवर एक गुटगुटीत बाळ रंगवलेलं होतं. गोरंपान, निळ्या डोळ्यांचं. वऱ्हाडात असलं बाळ कोणाच्या पोटी येणार, असा प्रश्न अनसूयाला पहिल्याच खेपेला पडला होता. पण तेव्हा ती नवी सून होती, शेजारी सासूबाई होत्या, म्हणून तिनं तो गिळला. मग आठ वर्षं ती त्या पाटीखालून आत-बाहेर करत राहिली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, नळ्यांची तपासणी झाली, दुर्बीण घालून पाहून झालं. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, "बाईंच्यात काही दोष दिसत नाही. एकदा साहेबांना घेऊन या." आणि दर वेळी माणिकबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तोंडाला पदर लावून अशा हसायच्या, जसं काही डॉक्टर चावट बोलून गेला.

साहेब म्हणजे कमलाकांत. मूर्तिजापूरच्या कोर्टातला वकील. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील शिरस्तेदार होते आणि हा वकील झाला; त्यामुळं घरात देवाचा, सरकारचा आणि कायद्याचा असा तिहेरी रुबाब साचलेला होता. "आमच्या घराण्यात" या शब्दांशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. आमच्या घराण्यात दुपारी झोपत नाहीत. आमच्या घराण्यात भेंडी अशी चिरत नाहीत. डॉक्टरचा निरोप अनसूयानं पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "आमच्या घराण्यात पुरुषांना असलं काही नसतं." युक्तिवाद संपला. वरच्या कोर्टात दाद मागायची सोय नव्हती.

अनसूया गावातल्या कन्याशाळेत विज्ञान शिकवायची. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा मुख्याध्यापक "मुलींनो, हा घरी वाचा" म्हणून दरवर्षी उरकून टाकायला सांगत, आणि अनसूया तो दरवर्षी शिकवत असे, वर्गाचं दार सताड उघडं ठेवून. मूल व्हायला दोघं लागतात, हे पोरींना फळ्यावर आकृती काढून सांगणारी ही बाई घरी आली की ती सगळी माहिती चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची. कारण घरात मूल फक्त बाईला होत असे, आणि होत नसलं तर तेही बाईलाच होत नसे. माणिकबाईंनी आणलेला कुण्या महाराजांचा अंगारा तिनं दह्यातून खाल्ला. पोट बिघडलं, तेवढाच काय तो परिणाम.

त्या वर्षांत वऱ्हाडात बाहेरच्या माणसांची नुसती रीघ लागलेली होती. कपाशीनं शेतकरी बुडाला, रोज कुठल्या ना कुठल्या गावातून वाईट बातमी येऊ लागली, तशा मुंबई-दिल्लीच्या गाड्या धूळ उडवत फिरू लागल्या. कोणी पत्रकार, कोणी प्राध्यापक, कोणी आयोगाचा सभासद. बिचारे गळ्यात कॅमेरे अडकवून पारावर बसत आणि आदल्या आठवड्यात दुसऱ्यानं विचारलेलंच विचारत. गावात जीप शिरली की लोक आता "राम राम" म्हणायच्या आधी "कोणतं पथक?" असं विचारत.

त्यामुळं अमरावतीहून कोणी डॉक्टर अवनी भेटायला येणार असा फोन आला तेव्हा कमलाकांतला वाटलं, शेतीच्या प्रश्नावर बुद्धिजीवींचं मत घ्यायला येत असणार. रविवार असूनही त्यानं कोट चढवला. शेतकरी कसा आळशी आहे, लग्नात कसा पैसा उधळतो, हे सगळं तो सकाळपासून घोकत होता. स्वतः त्यानं आयुष्यात कधी निंदणाचं खुरपं हातात धरलेलं नव्हतं.

डॉक्टर अवनी तिशीच्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही शाळेत असताना अमरावतीला वसतिगृहात राहात होता ना?"

"राहात होतो. पहिल्या बाकावर बसायचो." कमलाकांत खूश झाला.

"त्या काळात एका हिवाळ्यात तिथं गालफुगीची साथ आली होती. मोठ्या मुलांना बरीच लागली. आम्ही त्यातल्या सगळ्यांना शोधून भेटतोय."

"कशासाठी?"

"गालफुगी हा विषाणूचा आजार. लहानपणी झाला तर दोन-चार दिवस गाल सुजतात नि संपतं. पण वयात आलेल्या मुलाला झाला, तर कधीकधी अंडकोशालाही सूज येते. बहुतेकांना पुढं काही त्रास होत नाही. काहींना मात्र मूल व्हायला अडचण येते. याला आली नि त्याला नाही, असं का होतं? आमचा अंदाज आहे की काही घरांत वडिलांकडून मुलाकडे येणाऱ्या गुणसूत्रातच थोडी उणीव असते. नुसती ती असली तर निभून जातं. तिच्यावर हा आजार आला की निभत नाही. पण हा अंदाज आहे, सर. तेच तपासायचं आहे. थोडं रक्त आणि एक वीर्याचा नमुना हवा. नाव कुठेही येणार नाही."

अनसूया दारात उभी होती. हातातली कपबशी तिनं तिथंच जमिनीवर ठेवली.

कमलाकांत सावरून बसला. आता त्याचा कोर्टातला आवाज लागला. "मॅडम, मला ही साथ लागली होती याचा आपल्याकडे काय पुरावा आहे?"

"पुरावा नाही. म्हणून तर विचारतेय."

"मग मी सांगतो. मला गालफुगी कधीही झालेली नाही. ना तेव्हा, ना नंतर."

एवढ्यात माणिकबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. त्यांनी आधीचं काही ऐकलेलं नव्हतं, फक्त शेवटचं वाक्य ऐकलं, आणि मुलाच्या आजारपणातली स्वतःची कर्तबगारी कोणी पुसून टाकतंय असं वाटून त्या उसळल्या. "नाही कशी झाली रे बाप्पा? इतकं विसरला? तोंड कसं, भोपळ्यासारखं झालं होतं! मी अमरावतीला जाऊन राहिली, मामांकडे. गेरूचा लेप लावून लावून माझे हात लाल झाले होते. अन् नुसतं तोंडच नाही हो डॉक्टरीणबाई, खालीही असं सुजलं होतं, असं सुजलं होतं की पोराला पायजमा घालता येत नव्हता. लुंगीवर होता! तापात बरळायचा. मी होती म्हणून वाचला."

कमलाकांतचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सरकारी वकिलाचा साक्षीदार फुटावा तसा. डॉक्टर अवनींनी मान खाली घालून पोहे खाल्ले. त्यांना हसू आलं असेल तर त्यांनी ते कढीपत्त्याबरोबर बाजूला काढून ठेवलं. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "सर, विचार करा. आमच्या अभ्यासाचं राहू द्या. तुमच्यासाठीच तपासून घ्या."

त्या गेल्यावर अनसूया आत जाऊन पलंगावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली ती चीड. आठ वर्षं ज्या बाईनं तिला अकोल्याला खेचत नेलं, तिला हे माहीत होतं. ते लपवलं असतं तरी समजून घेता आलं असतं. पण त्या बाईनं लपवलंही नव्हतं. मुलात काही उणं असू शकतं हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सरळ विचारलं, "अमरावतीला जाऊन याल?"

"ती दाढदुखी होती. आईला आठवत नाही."

माणिकबाईंनीही तोवर साक्ष फिरवली होती. "हो ना, दाढच होती. दाढ सुजली होती त्याची."

"खाली दाढ असते का, आई?" अनसूयानं विचारलं.

त्या घरात सुनेनं इतकं बोलण्याची ही पहिलीच वेळ. माणिकबाईंनी देवघर गाठलं. कमलाकांत म्हणाला, "तोंड सांभाळ."

"आठ वर्षं मी टेबलावर झोपले. परकी माणसं हातमोजे घालून तपासत होती, तेव्हा तुमच्या घराण्याला काही वाटलं नाही. तुम्हाला फक्त एक डबी भरून द्यायची आहे, तीसुद्धा दार लावून. तेवढंही होत नाही?"

"वकिलाची उलटतपासणी करायची नसते," तो म्हणाला. हे वाक्य त्याला फार आवडलेलं दिसलं, कारण ते त्यानं नंतर बाररूममध्येही वापरलं, प्रसंग न सांगता.

महिनाभर ती रोज तेच विचारत राहिली आणि तो रोज नवं कारण काढत राहिला. शेवटी कारणं संपली, तेव्हा त्यानं तोडगा काढला: घराण्याला वारस तर हवा, अनसूयाला तो देता येत नाही, तेव्हा दोघांनी संमतीनं वेगळं व्हावं. तपासणीची डबी जड, घटस्फोट हलका! अनसूयानं त्याच्याकडं नीट पाहिलं. या माणसाला आपण इतकी वर्षं "अहो" म्हणत आलो, याचंच तिला हसू आलं. ती म्हणाली, "कुठं सही करू?"

गावाला वाटलं, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. शाळा इथं होती. शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांपलीकडे अब्दुल सत्तार यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. वरची खोली रिकामी होती. वकिलांची टाकलेली बायको पिंजाऱ्यांच्या माडीवर राहते म्हणून गावानं जिभा उचलून टाळ्याला लावल्या. आठ वर्षं ती अकोल्याहून पोट धरून परत यायची, तेव्हा याच गावाला काही दिसलं नव्हतं.

सत्तारभाईंची बायको कुलसुमबी बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात एकदा अनसूयाचे लाल डोळे पाहून ती म्हणाली, "मॅडम, तुमी त्याच्यासाठी रडून राहिल्या का सोताच्यासाठी? सोताच्यासाठी असंन तं खुशाल रडा. त्याच्यासाठी असंन तं बंद करा. गादी वली होते, कापूस खराब होते."

अनसूया त्यानंतर त्याच्यासाठी रडली नाही.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, एक उंच, सावळी बाई माडीचा जिना चढून आली. "मी जमुना. तिवशाच्या शाळेत खेळ शिकवते. मले वकिलांचं स्थळ आलं. लोक म्हणतात, पहिलीला विचारू नये. मी म्हटलं, मग विचारू कोणाले?"

अनसूयानं तिला बसायला दिलं. मनात दोन गोष्टी एकदम आल्या. आपण बोललो तर जळते म्हणतील. गप्प राहिलो तर ही पोरगी उद्या त्या पाटीखालून आत जाईल.

"मारते का तो?" जमुनानं विचारलं.

"नाही."

"पिते?"

"नाही. स्वतःच्या आवाजाचीच नशा आहे, ती पुरते."

"मग सोडलं काहून?"

अनसूयानं सांगितलं. जास्त नाही, कमी नाही. शेवटी म्हणाली, "त्यांना मूल होणार नाही, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ते तपासू देत नाहीत, एवढंच मला माहीत आहे."

जमुना चहा पिऊन निघून गेली.

पुढचं अनसूयाला स्वानंदकडून कळलं. स्वानंद म्हणजे कमलाकांतचा धाकटा भाऊ, अमरावतीला बँकेत होता. घर मोडल्यावरही तो तिला वहिनीच म्हणायचा. तिवशाला बैठक बसली. पत्रिका उत्तम जुळली. कमलाकांतनं घराण्याचा इतिहास पेशव्यांपासून सुरू केला. सुपारी फुटणार, तेवढ्यात जमुनानं आत जाऊन एक पाकीट आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. "पत्रिका पाहून झाली. हा माझा डॉक्टरचा रिपोर्ट. आता तुमचा दाखवा."

"माझा कसला रिपोर्ट?"

"माझ्यात मूल होण्यासारखं आहे का, ते मी दाखवलं. तुमच्यात आहे का, ते तुमी दाखवा. बराबर आहे ना?"

तिचे वडील लाजेनं अर्धे झाले, पण माणिकबाईंच्या पलीकडे बसलेली जमुनाची म्हातारी आत्या मोठ्यानं म्हणाली, "पोरगी खोटं काय बोलून राहिली?" कमलाकांत उठला. उठताना खांद्यावरचं उपरणं ताटात पडलं, ते कुंकवासकट उचलून तो बाहेर पडला.

अशी गोष्ट तिवशात थोडीच थांबते! चांदूर बाजारात पोहोचली, दर्यापुरात पोहोचली. त्यानंतर जिथं जिथं स्थळ जाई, तिथं चहापाणी झालं की मुलीचा मामा नाहीतर भाऊ खाकरून विचारी, "वकीलसाहेब, ते रिपोर्टचं कसं काय?" पत्रिकेत राशी कोणती, हे कोणी विचारीनासं झालं. जे अनसूयाच्या विनवण्यांनी झालं नाही, ते लग्नाच्या बाजारानं केलं. वकीलसाहेब एक दिवस नागपूरला गेले. अमरावतीला ओळखीचे लोक, अकोल्याला ओळखीचे लोक. नागपुरात टोपी घालून गेले.

तेही स्वानंदनंच येऊन सांगितलं, शाळा सुटायच्या वेळी, फाटकाशी उभं राहून. "वहिनी, दादाचा रिपोर्ट आला. अगदीच नाही असं नाही. थोडे आहेत. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षांपूर्वी आला असता तर उपचारानं जमण्यासारखं होतं. आता कठीण, पण प्रयत्न करता येईल." मग तो म्हणाला, "मीही डॉक्टर अवनींना रक्त दिलं होतं. गुणसूत्रातली ती उणीव माझ्यातही आहे. बाबांकडून आली असणार. पण साथ आली तेव्हा मी लहान होतो, घरी होतो. मला गालफुगी झालीच नाही. मला दोन मुलं झाली."

"आणि त्यांचा अभ्यास? पुढं काय झालं?"

"बंद पडत आलाय. वसतिगृहातल्या निम्म्या लोकांनी दारातूनच परत पाठवलं. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी रक्त दिलं, पण दुसरं काही दिलं नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्या थोड्यांवरून काही सिद्ध होत नाही."

म्हणजे ज्या घराण्याच्या नावानं तिला आठ वर्षं गुन्हेगार ठरवलं, ती खोट त्या घराण्यानंच बापाकडून लेकाकडे, मोठ्या अभिमानानं, पोहोचवलेली होती. अनसूया फाटकाशी उभी राहून हसली. चांगली खळखळून हसली. जाणाऱ्या मुली वळून पाहू लागल्या. माडीवर आल्यावर मात्र तिच्यानं दिवा लावणंही झालं नाही. जमण्यासारखं होतं. हे दोन शब्द ती अंधारात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दोन दिवस ती शाळेत गेली नाही. कुलसुमबी वर ताट आणून ठेवी आणि खाली जाई.

आणि मग तो आला. काळा कोट, हातात साडीची पिशवी. जिन्यात थांबून त्यानं आधी इकडं-तिकडं पाहिलं, मग आत येऊन गादीच्या कडेला बसला.

"आईनं पाठवलंय. झालं गेलं विसरून जाऊ. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, शक्यता आहे. कायद्यानं पुन्हा विवाह करायला आपल्याला आडकाठी नाही." त्यानं घसा साफ केला. "अर्थात, आता तुझं वय झालंय. तेवढीच एक अडचण आहे. पण मी तयार आहे."

अनसूयाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माझं वय?"

"चाळिशी जवळ आली ना तुझी."

"आली. ती तुमच्या दाराशी बसून आली. तुम्हाला डबी भरायला दहा वर्षं लागली, आणि अडचण माझ्या वयाची!" तिचा आवाज चढला नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीला ती समजावायची, तेवढाच. "वकीलसाहेब, तुमच्यात दोष आहे म्हणून मी गेले नव्हते. तो आजार होता, त्यात लाज कसली? तो सांगितला असतात तर मी तुमच्याबरोबर नागपूरच काय, मुंबईला आले असते. मूल नाही झालं, तरी राहिले असते. तुमच्यातलं जे बिघडलंय, ते कुठल्या विषाणूनं बिघडलेलं नाही. त्यावर नागपूरला औषध मिळत नाही. साडी घेऊन जा."

तो उठला. जिन्याखाली कुलसुमबी गादीला टाके घालत बसली होती. ती दाभण वर धरून म्हणाली, "वकीलसाहेब, सांभाळून. जिना उतरतानी मान खाली ठेवा लागते."

वर्षभरात कमलाकांतनं बुलढाण्याकडची एक विधवा बायको केली. तिला पहिल्या नवऱ्याचा मुलगा होता. सहा महिन्यांत वकीलसाहेब बाररूममध्ये सांगू लागले की पोराचं नाक अगदी त्यांच्या वडिलांवर गेलं आहे. बाररूमनं मान डोलावली. पोरगा मात्र चांगला निघाला, आणि त्याला घर मिळालं, एवढी एक गोष्ट त्या माणसाच्या हातून, स्वतःच्या नकळत, बरी झाली.

इकडं कुलसुमबीच्या मुलाच्या, मोहसीनच्या लग्नाला तीन वर्षं होत आली. सून जेबाकडं बघून गल्लीतल्या बाया कुजबुजू लागल्या. कोणी तिला ताईत आणून दिला. कुलसुमबीनं तो घेऊन सरळ शिलाई मशीनच्या खणात टाकला आणि मोहसीनला हाक मारली. "कपडे बदल. अमरावतीले जायचं आहे, मॅडमच्या वळखीच्या डॉक्टरकडे."

"जेबाला घेऊन?"

"तिले मंग. पहिले तू चाल."

"अम्मी, लोग क्या बोलेंगे?"

"लोग त्यायच्या घरी बोलतीन. चाल."

दवाखान्यात बाकावर मायलेक आणि अनसूया असे तिघं बसले होते. आतून नर्सनं मोहसीनचं नाव पुकारलं. तो कानापर्यंत लाल होऊन उठला, आईकडं पाहिलं, अनसूयाकडं पाहिलं, आणि आत गेला. कुलसुमबीनं पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, अर्धे दाणे अनसूयाच्या ओंजळीत ओतले, आणि दोघी बाहेरच्या रस्त्यावरची वर्दळ बघत दाणे खात बसल्या.